उजनीच्या पाण्याचे भाकीत

उन्हाळा चढू लागला, की उजनीच्या जलाशयाचे पाणी हिरवे पडल्याच्या वार्ता येऊ लागतात. काठच्या गावांतून दुर्गंधीची तक्रार येते, मासळी मेल्याचे कळते, सोलापूरकर नळाच्या पाण्याकडे संशयाने पाहू लागतात. मग कोणी लोकप्रतिनिधी पुण्याच्या नावाने बोटे मोडतो, पुण्याचे अधिकारी नव्या शुद्धीकरण केंद्रांची संख्या पुढे करतात, आणि पावसाचा पहिला लोंढा आला की गढूळ पाण्यात तो हिरवा रंग लोपतो. त्याबरोबर चर्चाही लोपते. हा क्रम आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात एका प्रश्नाची उणीव आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. पुण्याने आणि पिंपरी-चिंचवडने सांडपाण्याचे अमुक इतके शुद्धीकरण केले, तर उजनीचे पाणी अमुक वर्षी अमुक इतके निवळेल, असे कोणी आकड्यानिशी सांगितले आहे काय? एखाद्या अभ्यासकाच्या प्रबंधात असे गणित असेलही. परंतु ज्या सभागृहांत पैसा मंजूर होतो, तेथे ते मांडले गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि हा पैसा थोडाथोडका नव्हे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या साहाय्याने 11 केंद्रे उभारण्याचा, दररोज 396 दशलक्ष लिटर सांडपाणी स्वच्छ करण्याचा करार 2016 साली झाला. त्याचा खर्च सुमारे एक हजार कोटी रुपये धरला होता.

सरोवराचे भवितव्य आगाऊ सांगता येते का, अशी शंका पुष्कळांना येईल. पावसाचे भाकीत जेथे चुकते, तेथे शेवाळाचे काय सांगणार, असे म्हणून कित्येकजण हा विषय हसण्यावारी नेतील. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या सिएटल शहराची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. या शहराला लागून वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. भोवतालच्या वसाहती वाढल्या तशी त्यांची शुद्धीकरण केंद्रेही वाढली, आणि त्या केंद्रांतून बाहेर पडणारे, नियमाप्रमाणे शुद्ध केलेले पाणी सरोवरात जाऊ लागले. 1955 साली तेथील विद्यापीठातले प्राध्यापक एडमंडसन यांना सरोवरात एक विशिष्ट शैवाल आढळले. युरोपातील झुरिक सरोवराचा ऱ्हास होताना हेच शैवाल दिसले होते. त्यावरून त्यांनी ताडले, की हे सरोवर त्याच वाटेने चालले आहे. आणि सांडपाणी सरोवरात सोडणे थांबवले तर ते लवकर सावरेल, असेही त्यांनी लिहून दिले. पाणी त्या वेळी नुसत्या डोळ्यांना फारसे वाईट दिसत नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे नागरिकांनी पैसा खर्चायचा तो आजच्या दुर्गंधीसाठी नव्हे, तर एका प्राध्यापकाने सांगितलेल्या उद्याच्या दुर्गंधीसाठी! 1958 साली हा प्रश्न मतदानाला टाकण्यात आला. पहिल्या खेपेस योजना फेटाळली गेली. त्याच वर्षी दुसऱ्या खेपेस ती मंजूर झाली. 1963 ते 1968 या काळात सारे सांडपाणी मोठ्या नळांनी सरोवराबाहेर वळवण्यात आले. वळवण्याच्या आरंभी पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी जेमतेम एक मीटर खोलीपर्यंत दिसत असे. 1970 च्या सुमारास ती सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागली. भाकीत खरे ठरले. सिएटलच्या पायाशी समुद्र होता आणि सांडपाणी तिकडे नेता आले, ही सोय मात्र आपल्याला नाही, हे मान्य केले पाहिजे. देशावरचे पाणी शेवटी कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातच जाऊन मिळते.

एडमंडसन यांचे भाकीत मंत्रतंत्राचे नव्हते. त्याच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल त्याच्या मानाने पीक वाढते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गोड्या पाण्याच्या सरोवरात बहुधा सर्वांत अपुरे असते ते स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. कॅनडातील एका छोट्या सरोवराच्या मध्यभागी 1973 साली शास्त्रज्ञांनी एक पडदा टाकला. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले, एका भागात मात्र त्यांच्या जोडीला स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या त्या छायाचित्राने साबण-कारखानदारांच्या वकिलांचे कित्येक युक्तिवाद एका दिवसात निकालात काढले. आपल्या घरातून स्फुरद दोन वाटांनी बाहेर पडते: एक मलमूत्राची, दुसरी धुण्याच्या चुऱ्याची. शेतातून ते खताच्या रूपाने येते.

आता भाकिताचे गणित. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेत मुलांना शिकवण्यात घालवली आहेत. त्या काळी अंकगणिताच्या पुस्तकात हौदाची उदाहरणे असत. एका हौदाला दोन नळ, एक भरणारा व एक रिकामा करणारा. तर हौद किती वेळात भरेल? मुलांना ही उदाहरणे अतिशय कंटाळवाणी वाटत, आणि खरे सांगायचे तर मास्तरांनाही वाटत. परंतु मूळचे स्विस असलेले शास्त्रज्ञ रिचर्ड व्होलेनवायडर यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत सरोवरांसाठी जे सूत्र बसवले, ते या हौदाचेच थोरले भावंड आहे. सरोवरात वर्षाला किती स्फुरद येते, त्यात पाणी किती आहे, आणि ते पाणी किती काळात पालटते, एवढे कळले की पाण्यात स्फुरद किती उरेल हे काढता येते. कारण जे वाहून जात नाही त्याचा काही भाग तळाच्या गाळात बसतो, आणि पाणी जितके अधिक काळ थांबते तितका अधिक बसतो. पाणी वर्षातून एकदा पूर्ण पालटत असेल, तर ढोबळमानाने निम्मे स्फुरद गाळात जाते व निम्मे पाण्यात राहते. घनमीटरमागे 35 मिलिग्रॅमपेक्षा अधिक स्फुरद असले, की सरोवर अतिपोषित, म्हणजे शेवाळाला आंदण दिलेले, समजावे, असा दंडक अनेक देशांतील सरोवरांच्या अभ्यासावरून ठरलेला आहे.

पाटी-पेन्सिल घेऊन हे गणित उजनीला लावून पाहू. उजनीची पूर्ण क्षमता सुमारे 117 अब्ज घनफूट, म्हणजे 332 कोटी घनमीटर. 2011 च्या जनगणनेत पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख होती. आज ती अर्थातच बरीच अधिक आहे, तरी जुनाच आकडा धरू. माणशी दररोज एक ग्रॅम स्फुरद धरले, आणि हे मान कमीत कमी धरलेले आहे, तर दिवसाला जवळजवळ पाच टन व वर्षाला सुमारे 1,770 टन होतात. यातले सगळे जर जलाशयापर्यंत पोहोचले, आणि जलाशयाचे पाणी वर्षातून एकदा पालटले, तर घनमीटरमागे सुमारे 265 मिलिग्रॅम स्फुरद राहते. दंडकाच्या सातपटीहून अधिक! सगळे पोहोचत नाही, काही वाटेतल्या बंधाऱ्यांच्या गाळात बसते, काही शुद्धीकरण केंद्रांत अडते, हे खरे. पण निम्मे अडले असे धरले तरी उत्तराचे स्वरूप बदलत नाही. उलट, ज्या खतावर भीमाकाठचा ऊस पोसला जातो त्याचा एक कणही आम्ही या हिशेबात घेतलेला नाही. हे मोजमाप नव्हे, नुसता अंदाज आहे, हे आम्ही पुन्हा सांगतो. परंतु उजनी हिरवी का पडते, याचा उलगडा व्हायला एवढा अंदाज पुरेसा आहे.

या गणिताचा खरा उपयोग पुढे आहे. दोन्ही शहरांच्या सांडपाण्यातून, माणशी 135 लिटर धरून, प्रत्येक लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा अधिक स्फुरद बाहेर पडू द्यायचे नाही असे ठरवले, तर वर्षाचे 1,770 टन उतरून सुमारे 240 टनांवर येतात आणि जलाशयातील प्रमाण घनमीटरमागे 36 मिलिग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे नेमके उंबरठ्यावर. शहरांनी एवढे केले तरी शेतीच्या खताला आणि तळाच्या गाळाला हात लावल्यावाचून उजनी पूर्ण निवळणार नाही. पण शहरांनी एवढे केले नाही, तर बाकीचे सर्व उपाय व्यर्थ आहेत. दहा ओळींच्या या हिशेबातून जे निष्पन्न होते, ते सभागृहांतल्या दहा तासांच्या वादातून निष्पन्न होत नाही.

आणि येथेच या प्रकरणातील मुख्य गफलत उघडी पडते. आपली शुद्धीकरण केंद्रे बांधली जातात ती मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीसाठी. सांडपाणी कुजताना प्राणवायू किती खाईल, यावरून त्याची घाण मोजली जाते. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीओडी म्हणतात. केंद्राने बीओडी उतरवला, की केंद्र उत्तीर्ण झाले. परंतु नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात बीओडी नव्वद टक्के उतरला तरी स्फुरदाचा मोठा भाग विरघळलेल्या रूपात तसाच बाहेर पडतो. तो अडवायला चुना, तुरटीसारखी रसायने किंवा खास प्रकारचे जिवाणू वापरावे लागतात. सिएटलचे सरोवर बिघडले ते शुद्ध केलेल्या पाण्यानेच, याचा अर्थ आता वाचकांच्या ध्यानात येईल. केंद्र सरकारने 2017 साली सांडपाणी केंद्रांसाठी मर्यादा जाहीर केल्या, त्यांत स्फुरदाची मर्यादा नव्हती. 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे तज्ज्ञांनी जी कडक मानके ठेवली, त्यांत लिटरमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा होती. पण ती तळी-सरोवरांत सोडायच्या पाण्यासाठी. पुण्याचे पाणी नदीत सुटते, सरोवरात नव्हे! नदी पुढे कोठे जाते हे जणू मानके लिहिणाऱ्यांनी विचारायचेच नसते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पाण्याचा गुणवत्ता-निर्देशांक विद्राव्य प्राणवायू, विष्ठेतील जिवाणू, सामू आणि बीओडी या चार गोष्टींवर उभा आहे. नदीसाठी तो ठीक आहे. पण शेवाळाने भरलेल्या जलाशयाचा नमुना जर भर दुपारी घेतला, तर उन्हात शैवाल प्राणवायू सोडत असल्यामुळे तो प्राणवायूच्या बाबतीत उत्तम ठरू शकतो. त्याच जागी पहाटे चार वाजता गेले तर तोच प्राणवायू तळाला गेलेला असतो. मासे मरतात ते त्या वेळी. कोळ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. कचेरीच्या वेळात फिरणाऱ्या नमुन्याच्या बाटलीला ती ठाऊक असण्याचे कारण नाही.

भाकिताची थोरवी गाताना त्याच्या मर्यादा झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरचे ईरी सरोवर 1960 च्या दशकात मेले म्हणून गणले गेले होते. 1972 साली दोन्ही देशांनी करार केला, आणि पुढे वर्षाला 11,000 टन स्फुरदाची कमाल मर्यादा ठरवली. सांडपाण्यावर पैसा खर्च झाला, 1980 च्या दशकात मर्यादा गाठली गेली, पाणी निवळले. गणित बरोबर आले म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर हिरवी साय परत आली. मर्यादा ठरवताना एकूण स्फुरद मोजले होते. पण शेतांवर वरवर फेकलेले खत पावसाने जमिनीखालच्या निचरा-नळांतून मॉमी नदीत उतरू लागले, आणि ते सगळे विरघळलेले, शैवालाला ताबडतोब पचणारे होते. 2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरातील चार-पाच लाख माणसांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. नीलहरित शैवालाचे विष उकळण्याने नाहीसे होत नाही. पाणी आटते आणि विष दाट होते. पाणी उकळून प्यावे या सल्ल्यावर ज्यांची भिस्त आहे, त्या सर्वांनी, सोलापूरकरांनी तर विशेषच, ही गोष्ट मनात ठेवावी.

यावर तेथील लोकांनी भाकीत टाकून दिले नाही; ते सुधारले. मार्च ते जुलै या महिन्यांत मॉमी नदीतून किती स्फुरद आले हे मोजून त्या उन्हाळ्यात शेवाळ किती माजेल याचा आकडा 2012 पासून दरवर्षी जाहीर केला जातो, आणि हंगाम संपल्यावर तो खऱ्या स्थितीशी ताडून पाहिला जातो. 2008 च्या मानाने 40 टक्के कपात करण्याचे 2016 साली ठरले. ओहायो राज्याला 2025 ची मुदत पाळता आलेली नाही, कारण शेतकऱ्यांना समजावण्यापलीकडे सरकारची मजल गेली नाही. पण मुदत हुकली हे लहान मुलालाही कळते. कारण आकडा ठरलेला होता. आपल्याकडे कोणाची मुदत हुकली हे कळत नाही, कारण केंद्रांची संख्या ठरते, पाण्याची स्थिती ठरत नाही. 2016 चा करार झाल्यावर बांधकामास हात लागेपर्यंत 2022 साल उजाडले, आणि तेवढ्या काळात उजनीत किती टन अधिक गेले याचा हिशेब कोणी मागितला नाही.

उजनीला परदेशी सूत्र जसेच्या तसे लावता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. ती सूत्रे थंड मुलखातली. आपल्याकडे पाणी वर्षभर उबदार. नत्राचे प्रमाणही कधीकधी निर्णायक ठरते. वर्षाचे सारे पाणी चार महिन्यांत येते आणि आठ महिने उपसले जाते. शिवाय 117 अब्ज घनफुटांपैकी 63 अब्ज घनफुटांहून अधिक हा मृतसाठा आहे. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेले होते. अशा वेळी राहिलेल्या थोड्या पाण्यात स्फुरद दाट होते, उथळ पाणी ढवळले जाऊन गाळ वर येतो, आणि 1980 मध्ये धरण पुरे झाल्यापासून चार दशके जे साचले ते परत पाण्यात मिसळते. अमेरिकेतील शगावा सरोवरात 1973 पासून सांडपाण्यातील स्फुरद अडवूनही तळाच्या गाळाने सुधारणा कित्येक वर्षे रोखून धरली होती. तेव्हा उजनीही केंद्रे सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी निवळेल, असे जो सांगेल त्याच्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. मात्र सूत्र लागू पडत नाही म्हणून आकडेच नकोत, हे म्हणणे म्हणजे अंगरखा बेतात बसत नाही म्हणून उघडे फिरण्यासारखे आहे. सूत्रातले स्थिरांक आपल्या पाण्यावरून ठरवावे लागतील. आणि ते ठरवायला मोजणी लागेल.

ही मोजणी खर्चाची नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते तेथे, भीमा जलाशयात शिरते तेथे आणि धरणाच्या भिंतीशी, अशा तीन ठिकाणी एकूण व विरघळलेले स्फुरद आणि नत्र नियमाने तपासावे, सोबत प्रवाहही मोजावा. जलाशयात ती पांढरी तबकडी दर पंधरवड्याला एक माणूस नावेतून सोडू शकतो. हजार कोटींच्या योजनेत या कामाचा खर्च कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. महापालिकेने पुढील टप्प्याची मंजुरी मागताना, या टप्प्याने उजनीतील स्फुरद किती वर्षांत किती उतरेल, हे एका ओळीत लिहून द्यावे, आणि ते पुण्याबरोबर सोलापूरच्या वर्तमानपत्रांतही प्रसिद्ध करावे. आकडा चुकला तर चुकला. एडमंडसन यांचाही एका अर्थी चुकलाच. 1976 पासून वॉशिंग्टन सरोवर अपेक्षेपेक्षाही स्वच्छ झाले, तबकडी सहा-सात मीटरपर्यंत दिसू लागली, कारण शैवाल खाणारा एक सूक्ष्म जीव तेथे फोफावला होता आणि तो कोणाच्या हिशेबात नव्हता.

मोजणीला आरंभ मात्र जूनच्या पहिल्या पुरापूर्वी व्हावयास हवा. आठ महिने नाल्यांत, बंधाऱ्यांमागे आणि नदीच्या पात्रात जे साचते, ते या पहिल्या दोन-तीन लोंढ्यांबरोबर उजनीकडे जाते, आणि ते निघून गेल्यावर घेतलेला नमुना वर्षाच्या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम गाळून बसतो.